‘आधी बीज एकले’ : एका गाण्याच्या मुळाचा शोध

वाचकहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. त्यातून आपण मावळातली माणसे. खिडकी उघडली की लोहगड-विसापूर दिसणार आणि सहल निघाली की कार्ल्याची लेणी नाही तर राजमाची. पण गाण्यालाही इतिहास असतो, त्यालाही जन्मगाव आणि मायबाप असतात, हे मला बी.एड.च्या वर्गात कोणी सांगितले नव्हते. ते मला माझ्याच एका चुकीमुळे समजले. ती चूक प्रथम सांगतो, म्हणजे पुढील मजकूर मी कोणत्या भावनेने लिहीत आहे हे आपल्या ध्यानी येईल.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवीत होतो. स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती. आठवीतला एक मुलगा ‘आधी बीज एकले’ फार गोड म्हणत असे. हे गाणे त्याला त्याच्या दादीने शिकविले होते. दादीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण गाणे मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पाठ होते. मी कार्यक्रमपत्रिकेत लिहिले, “संत तुकारामांचा अभंग.” कागद भिंतीवर लागला आणि दुसऱ्याच दिवशी एक पालक भेटावयास आले. म्हणाले, “सर, मुलगा गातो चांगला, पण अभंग आपल्या मुलांनी कशाला म्हणायचा? दुसरं एखादं गाणं बसवा.” मी त्यांना तुकोबांची थोरवी समजावून सांगू लागलो. तेवढ्यात बाकावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारी वस्ती चाचा म्हणते, मध्येच बोलले, “सर, ये अभंग नहीं है. प्रभातका गाना है. गाथेत दाखवा मला.” त्यांचे वडील रेल्वेत होते. घरी चावीचा ग्रामोफोन होता. चाचांनी लहानपणी या गाण्याची तबकडी सुई झिजेपर्यंत ऐकली होती.

मी सर्वांसमोर ठामपणे म्हणालो, “चाचा, अभंग गाथेतलाच आहे.” ही माझी चूक. मी गाथा उघडून पाहिली नव्हती. ऐकीव गोष्ट खरी धरून चाललो होतो.

हे बोलणे मुख्याध्यापकांच्या कानी गेले. ते म्हणाले, “अभंग असेल तर पालकांची हरकत, सिनेमाचं असेल तर शाळेची हरकत. सिनेमाची गाणी आपल्याकडे बसवत नाहीत. कशाला वाद?” आणि गाणे यादीतून गेले. एका बाजूने ते फार धार्मिक ठरले आणि दुसऱ्या बाजूने पुरेसे धार्मिक ठरले नाही! त्या मुलाने पुढे काही विचारले नाही. संमेलनाच्या दिवशी तो खुर्च्या मांडीत होता. ते दृश्य माझ्या मनातून गेले नाही, म्हणून सुट्टी लागताच मी वाचनालयातून गाथा आणली.

तुकोबांची गाथा म्हणजे लहानसहान पोथी नव्हे. मुंबई सरकारने २४,००० रुपये खर्चून ती १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत छापविली. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी ती संपादिली. तीत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. शेवटी आद्याक्षरांप्रमाणे सूची असते. मी ‘आ’ पाहिला. ‘बी’ पाहिला, कारण कदाचित धृपद वेगळे असेल असे वाटले. मग बीज, अंकुर, वृक्ष हे शब्द कोठे येतात ते पाहण्यासाठी पाने चाळली. गाणे सापडले नाही. सापडणार तरी कसे? ते १९३६ साली पुण्यात लिहिले गेले. कवी शांताराम आठवले, संगीत केशवराव भोळे, गायक विष्णुपंत पागनीस आणि चित्रपट प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’.

विद्यार्थी मित्रांनो, खरे म्हणजे गाथा न उघडताही मला शंका यावयास हवी होती. मोठ्या अभंगाचा साचा ठरलेला आहे : सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. या गाण्याची अक्षरे बोटांवर मोजा, ती त्या साच्यात बसत नाहीत. दुसरी खूण अधिक सोपी आहे. तुकोबांच्या अभंगाच्या शेवटी त्यांच्या नावाची मुद्रा येते. या गाण्याच्या शेवटी ती नाही. आठवल्यांनी तुकोबांचे नाव आपल्या ओळींवर घातले नव्हते. ते आपण घातले, म्हणजे ऐकणाऱ्यांनी. आणि एकट्या माझ्यासारख्याने नव्हे, गाथेचा परिचय असलेल्या जाणत्या मंडळींनीही हे गाणे तुकोबांचेच मानले. आज मोबाइलवर शोधून पाहा, आजही पुष्कळ ठिकाणी त्याखाली “तुकारामांचा अभंग” असेच लिहिलेले आढळेल.

येथे एक गंमत सांगावीशी वाटते. सालोमालो नावाचा कोणी आपले अभंग मोडून त्यांवर स्वतःची मुद्रा घालतो, अशी तक्रार खुद्द तुकोबांनी एका अभंगात केली आहे. चित्रपटातही हा सालोमालो आहे आणि तुकोबांची कविता आपलीच असल्याचे सांगत फिरतो. तुकोबांचे शब्द दुसऱ्याच्या नावावर जातात अशी ज्या चित्रपटाची कथा, त्याच चित्रपटात दुसऱ्याचे शब्द तुकोबांच्या नावावर गेले!

असे का झाले, याची कारणे पाहण्यासारखी आहेत. चित्रपटातील अनेक पदे खरोखरच गाथेतील आहेत. त्यांच्या पंगतीत हे एक नवे बसले. भोळ्यांनी चालींना वारकरी भजनाचा बाज दिला, नाटकी तानांचा सोस केला नाही. पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. पडद्यावर मात्र ते असे तल्लीन होऊन गायिले की पुढे लोक त्यांच्याकडे तुकोबा म्हणूनच पाहू लागले. आणि आशय? एक बी, तिचे रोप, त्या एका बीच्या पोटी कोट्यवधी झाडे, आणि इतकी रूपे दिसली तरी शेवटी मूळ एकच. हा विचार मावळातल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. भाताचे रोप लावणाऱ्याच्या तो हातातलाच आहे. आपल्या घरात ‘तौहीद’ हा शब्द लहानपणापासून ऐकलेल्यालाही त्यातले एकपण परके वाटू नये. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या दादीला ते का आवडले असेल, याचा अंदाज मला या ठिकाणी आला.

मग गाणे पसरले कसे? ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल सिनेमात १९३६ च्या डिसेंबरात लागला आणि ५७ आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण व्हेनिस दूर राहिले, मावळात गाणे आले ते निराळ्या वाटांनी. तेव्हा पुण्यात आकाशवाणी केंद्र नव्हते, ते १९५३ साली झाले. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ पासून होते, पण रेडिओ ही बंगल्यातली वस्तू. आपले लोणावळे मुंबई-पुण्याच्या मधोमध, घाटमाथ्यावरचे रेल्वेचे ठाणे. दख्खनची राणी १९३० साली धावू लागली होती. मुंबईत पाहिलेला खेळ आणि पुण्यात घेतलेली तबकडी येथे पोचावयास वेळ लागत नसे. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत, म्हणून गाणेही तेवढेच आटोपशीर करावे लागे आणि आटोपशीर गाणे लवकर पाठ होते. एकदा ते पाठ झाले की भजनी मंडळाच्या टाळ-मृदंगात शिरले. तेथे कवीचे नाव विचारतो कोण? चालीवरून माणसे गाणे ओळखतात आणि गाण्यावरून देव.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख या स्मरणिकेकडे दिला, तिच्याकडे येतो. गाथेत गाणे सापडले नाही तेव्हा मी तो चित्रपट शोधून पाहिला. आरंभीच्या नावांत दिग्दर्शक म्हणून दोन नावे आली : व्ही. दामले आणि एस. फत्तेलाल. दामले-फत्तेलाल ही जोडी मी पूर्वीही वाचली होती, पण सनावळीतले नाव वाचावे तशी. त्या दिवशी थांबलो. एस. म्हणजे शेख. शेख फत्तेलाल, कोल्हापूरजवळच्या कागलचे, जन्म १८८६ चा. सारी प्रभात त्यांना साहेबमामा म्हणत असे. महाराष्ट्राने तुकोबा जसे डोळ्यांसमोर पाहिले, ते देहू, ते घर, तो देव्हारा ज्यांच्या नजरेतून उभे राहिले, त्या दोघांतले एक आपल्यातले होते. आणि हे मला, इतिहासाच्या शिक्षकाला, तिशी उलटल्यावर कळले!

साहेबमामांचे शिक्षण शाळा-कॉलेजातले नव्हते. कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते आणि विष्णुपंत दामले शेजारी शेजारी काम शिकले : पडदे रंगविणे, कॅमेरा हाताळणे, जे पडेल ते. १ जून १९२९ रोजी शांताराम, धायबर, सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह या दोघांनी प्रभात कंपनी काढली. १९३२ साली याच कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट केला आणि १९३३ साली कंपनी पुण्यास आली. तेथे नेपथ्याचे खाते फत्तेलालांकडे आणि ध्वनीचे दामल्यांकडे होते. एकाने डोळ्यांचे पाहिले, दुसऱ्याने कानांचे. ‘संत तुकाराम’, ‘गोपाळकृष्ण’ (१९३८) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) हे तिन्ही या जोडीचे. दामले १९४५ साली गेले, फत्तेलाल १९६४ साली. पुण्याचा प्रभात रस्ता आपण सर्वांनी पाहिला आहे. कंपनीच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. लोणावळ्याहून लोकलने शिवाजीनगरला उतरले की तेथून ते काही लांब नाही. सहलीसाठी सुचवितो आहे, शिक्षक बंधूंनी मनावर घ्यावे.

“एक फत्तेलाल झाले म्हणून काय?” असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याच वर्षांतले दुसरे एक गाणे घेऊ. प्रभातचाच ‘माणूस’ हा १९३९ चा चित्रपट. त्यात शांता हुबळीकर यांनी गायिलेले ‘कशाला उद्याची बात’ तुमच्या आजी-आजोबांनी नक्कीच ऐकले असेल. मराठी गीत अनंत काणेकरांचे. हाच चित्रपट हिंदीत ‘आदमी’ म्हणून निघाला, त्याची गीते मुन्शी अजीज यांची. त्या एका गाण्यात निरनिराळ्या प्रांतांच्या भाषांतली कडवी आहेत. मराठी मुखड्यातला ‘बात’ हा शब्द तरी कोठला, हे मी सांगावयास नको. संगीत मास्तर कृष्णरावांचे. कृष्णरावांचे गुरू भास्करबुवा बखले, ज्यांचे भारत गायन समाज पुण्यात आजही आहे. आणि भास्करबुवांचे गुरू? बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ, जे शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारचे गायक होते. गाणे पडद्यावर तीन मिनिटांचे, पण त्याच्या चालीमागे असे दोन-तीन पिढ्यांचे शिकणे उभे असते. त्यांत कोण ब्राह्मण, कोण खाँसाहेब हे मोजावयास बसलो तर गाणेच हातचे निसटेल.

त्याच काळात किराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब होते. पुण्यात त्यांनी संगीत विद्यालय चालविले आणि मिरजेत घर केले. त्यांच्या गळ्याने गाजलेली झिंझोटीची ठुमरी सैगल यांनी ‘देवदास’मध्ये गायिली आणि ती रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडी गेली. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासकडील प्रवासात खाँसाहेबांचे निधन झाले. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि तेथील संगीत उत्सवास आजही मोठमोठे गवई हजेरी लावतात. या एका माणसावर स्वतंत्र लेख व्हावयास हवा, तो पुढे कधीतरी.

आता मूळ पुरुषाकडे, म्हणजे तुकोबांकडे, पुन्हा जाऊ. गाथेत मला ‘आधी बीज’ सापडले नाही, पण जे शोधत नव्हतो ते सापडले. ‘दरवेस’, ‘मलंग’, ‘मुंढा’, ‘डोईफोडा’ अशा शीर्षकांची काही पदे गाथेत आहेत. हे सारे त्या काळी दारोदार हिंडणारे फकीर. पदे मराठीत नाहीत, ती आपल्या घरात आजही दादी-नानी बोलतात तसल्या दख्खनी हिंदुस्तानीत आहेत आणि त्यांत अल्लाचे नाव आहे. एका अभंगात तर भक्तांची नावे घेताना तुकोबांनी कबीर आणि लतीफ यांचा उल्लेख मुसलमान म्हणून, आदराने केला आहे. ज्या पालकांनी “अभंग आपल्या मुलांनी कशाला म्हणायचा” असे विचारले होते, त्यांना मी ही पाने दाखविली. त्यांनी ती दोनदा वाचली. पहिल्यांदा मनात आणि दुसऱ्यांदा मोठ्याने, कारण भाषा ओळखीची निघाली. म्हणाले, “सर, हे तर आमच्या आजोबांचं बोलणं आहे.” त्यांची हरकत पूर्णपणे गेली असे मी म्हणणार नाही. पण त्यानंतर ते वादाच्या सुरात बोलले नाहीत, आणि मीही पूर्वीसारखे व्याख्यान दिले नाही.

देहूही आपल्याला दूर नाही. कुरवंड्याजवळ उगम पावलेली आपली इंद्रायणीच इंदुरीवरून देहूस जाते. तुकोबा जेथे एकांतात बसत तो भंडाऱ्याचा डोंगर मावळ तालुक्यातच आहे. आणि ज्यांनी त्यांचे अभंग लिहून ठेवले असे परंपरा सांगते, त्या संताजी जगनाड्यांची समाधी सुदुंबऱ्यास, म्हणजे तीही मावळातच. देहूस अनगडशहा बाबांचा दर्गा आहे. या फकिराचा कटोरा कोणाच्याच दानाने भरत नव्हता, तो तुकोबांच्या लहान मुलीने दिलेल्या चिमूटभर पिठाने भरून सांडला, अशी कथा सांगतात. कथा ही कथाच, तिला मी इतिहास म्हणणार नाही. परंतु दरवर्षी तुकोबांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा ती या दर्ग्यापाशी थांबते आणि तेथे अभंग-आरती होते, ही गोष्ट आजही डोळ्यांनी पाहता येते. ज्यांना शंका असेल त्यांनी आषाढी वारीच्या आधी एक दिवस काढून स्वतः जाऊन यावे.

पालक बंधुभगिनींनो, आपल्या घरांतली म्हातारी माणसे अशी कितीतरी गाणी घेऊन बसली आहेत. मोहरममधली आहेत, लग्नातल्या हळदीची आहेत, जात्यावरची आहेत आणि सिनेमातलीही आहेत. कोणते कोठून आले हे त्यांनाही सांगता येईलच असे नाही. तरी गाणे उतरवून घ्या आणि ते कोणाकडून ऐकले एवढे त्याखाली लिहा. मूळ शोधण्याचे काम नंतर करता येते, पण गाणाराच गेला तर शोधावयाचे काय? त्या मुलाच्या दादीकडे मी उशिरा गेलो. हे गाणे त्यांनी कोणाकडून घेतले असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्या शेजारच्या काकू भाकरी थापताना म्हणायच्या. मी भिंतीपलीकडून शिकले.” काकूंचे नाव त्यांना आठवत नव्हते.

पुढच्या वर्षीच्या संमेलनासाठी मी मुख्याध्यापकांकडे लेखी टिपण दिले. त्यात गाथेतल्या सूचीची हकीकत, कवी, संगीतकार, दिग्दर्शक, सारे सन-तारखांसह लिहिले आणि माझी पहिली नोंद चुकीची होती हेही लिहिले. त्यांनी टिपण वाचले आणि कडेला “हरकत नाही” असा शेरा मारला. मुलगा तोवर नववीत गेला होता आणि त्याचा आवाज फुटू लागला होता. वरची पट्टी त्याला झेपेना, म्हणून पेटीवर दोन स्वर खाली घ्यावे लागले. गाण्यापूर्वी त्यानेच माइकवर सांगितले, “गीत शांताराम आठवले, संगीत केशवराव भोळे, मूळ गायक विष्णुपंत पागनीस, चित्रपट ‘संत तुकाराम’, सन १९३६. दिग्दर्शक दामले आणि शेख फत्तेलाल.”

पहिल्या रांगेत बसलेले चाचा तेवढ्यात मोठ्याने म्हणाले, “कागलचे!”